म्हसोबाचा हिवर तोडू देऊ नका

ती. आण्णांना नागोयाहून संग्रामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर तुम्ही ओरडाल म्हणून लिहितोय. आमच्या हॉटेलात दर शुक्रवारी डेक्लन नावाचा आयर्लंडचा मास्तर येतो. त्याच्या गावात शेतामधी एक काटेरी झाड आहे. त्यात न दिसणारी माणसं राहतात म्हणे, म्हणून सरकारनं रस्ताच वळवला. आमची वाढपी मिकी-सान ते ऐकत उभी राहते आणि मी तंदूरमधून काढलेली रोटी गार होते. त्याच्या तोंडाकडे इतकं काय बघायचं? काटे आपल्या झाडाला काय कमी आहेत?

मग मीपण सांगितलं, आमच्या बांधावर म्हसोबाचा हिवर आहे, फांदी मोडली की ताप भरतो.

ती म्हणाली, "मग तुमचा रस्ता?"

मी म्हणालो, "आमचा तर दोनदा वळवला!"

तेव्हा कुठं माझ्याकडे बघून हसली.

आता तिला फोटो पाहिजे, आणि डेक्लनपण बघणार आहे. तेव्हा आण्णा, रस्ता रुंद करायला हिवर तोडायचा जो कागद आलाय, त्यावर सही करू नका. आणि ताईला फोटो काढायला सांगा. रस्ता जरा वाकडा दिसेल, अशी उभी राहा म्हणावं.

तुमचा,
संग्राम