आमच्या अंगणातली गोणी

४ मार्च
आजपासून आपल्या कॉलनीच्या गोण्या मोजायला घेतल्या. अणुकेंद्रातल्या अपघातानंतर अंगणाअंगणातली माती खरवडून या काळ्या गोण्यांत भरली होती. पद्धत सोपी आहे. गोणीला मीटर लावायचा, आकडा घ्यायचा, त्यातून आसपासचा किरणोत्सर्ग, म्हणजे बॅकग्राउंड, वजा करायचा. मग वजनाचा हिशेब घालून मातीत सीझियम किती ते काढायचं. मर्यादेखाली आलं की गोण्या हलणार, कॉलनी उघडणार आणि ही घरी येणार. याला डिग्री लागत नाही. मी सगळं पुस्तकं वाचून शिकलो.

ही लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. नातू आता बालवाडीत जातो.

७ मार्च
नियम असा की प्रत्येक गोणी क्रेनने उचलून फाटकाजवळच्या मोकळ्या जागी न्यायची आणि तिथे मोजायची. शुद्ध वेडेपणा. गोणी राहते रांगेत आणि बॅकग्राउंड फाटकाजवळचा? मी सुधारणा केली. गोणी हलवायचीच नाही, रांगेत उभं राहून दोन्ही रीडिंग घ्यायची. आकडे झरझर खाली आले. क्रेनवाला म्हणाला, प्रोफेसर, इतके दिवस कुठे होतात? आणि केबिनमध्ये झोपला. मला तो आदराने प्रोफेसर म्हणतो.

संकल्प: आमच्या विभागाच्या मॅडमशी वाद घालायचा नाही.

१२ मार्च
हिचा फोन. लेक मोठं घर बघते आहे, आपल्या दोघांना त्यात वेगळी खोली. महिनाअखेरपर्यंत सांगायचं आहे, येताय का? मी म्हटलं, मी कशाला येतो, तूच सामान बांध, आकडा मर्यादेच्या निम्म्यावर आलाय. म्हणाली, अहो, आकडे राहू द्या, तुम्ही येताय का तेवढं सांगा.
हिला गणिताची आवड पहिल्यापासून नाही.

१३ मार्च
मॅडमशी वाद. मोजणी विभागाच्या प्रमुख, वयाने लेकीएवढ्या. म्हणाल्या, काका, रांगेत चारी बाजूंना गोण्याच आहेत, तुम्ही शेजारच्या गोण्यांचा किरणोत्सर्ग बॅकग्राउंड म्हणून वजा करताय. अशाने सगळ्या गोण्या स्वच्छच निघतील. पुन्हा मोजा.
विचार केला. त्यांचा अनुभव कमी पडतो.

१९ मार्च
ही आली. गोण्या बघायच्यात म्हणाली. पास काढला. पांढरा सूट तिला ढगळ झाला, बाह्या मी दुमडून टेपने चिकटवल्या. फार बारीक झाली आहे.

आपल्या अंगणातली गोणी कुठली, विचारलं. दाखवली. वजन, रीडिंग, वजाबाकी, सगळं नीट समजावून सांगितलं. ती ऐकत नव्हती. यात माझ्या गुलाबाखालची माती असेल ना, म्हणाली आणि हातमोजा काढून हात पुढे केला.

मी ओरडलो. मनगट धरून तिला मागे ओढलं.

म्हणाली, निम्म्यावर आहे ना? मी म्हटलं, हा शिस्तीचा भाग आहे. ती म्हणाली, बरं. क्रेनवाला वरून बघत होता, त्याने तोंड फिरवलं.

स्टॉपवर बस येईपर्यंत ती मनगट चोळत उभी होती. चढताना म्हणाली, वेळेवर जेवत जा.

२० मार्च
ती गोणी फाटकाजवळ नेली. केवळ मॅडमचं समाधान म्हणून. क्रेनवाल्याने कुरकूर केली नाही. प्रोफेसरही म्हणाला नाही.
मीटर बिघडलाय.

२१ मार्च
दुसरा मीटर आणला. तोही बिघडलाय. खरेदी विभागात काय चालतं देव जाणे.

२३ मार्च
तिसरा मीटर मॅडमनी स्वतः धरला. मर्यादेच्या तिप्पट.

सीझियम निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. तिप्पटीचं एकपट व्हायला साधारण अठ्ठेचाळीस. तेव्हा मी एकशे चार वर्षांचा असेन, ही शंभरीची. हिच्या माहेरची माणसं तशी दीर्घायुषी आहेत.

२७ मार्च
मॅडमनी मीटर काढून घेतला. आता ताडपत्र्या फाटल्यात का ते बघत फिरायचं. माझ्या गोण्या दुसरं कोणी मोजतंय. एकेक करून, फाटकाजवळ.
हिला फोन करायचा आहे. आधी आकडे नीट मांडून घेतो.

३१ मार्च, संध्याकाळी
मांडायला आकडे उरले नाहीत. फोन केला. लेकीने उचलला. मी येतो म्हणून सांगितलं. आज महिनाअखेर, म्हणजे मुदतीतच आहे.

ती म्हणाली, बाबा, आम्ही लहान घर घेतलं. गेल्याच आठवड्यात ठरलं. आईच म्हणाली, ते नाही यायचे, एक खोली उगाच कशाला. पण तुम्ही सुट्टीत या ना, हॉलमध्ये सोफा आहे.

आई कुठे आहे विचारलं. आई इथेच आहे, म्हणाली. फोन काही पुढे गेला नाही.

मी सोफ्याची लांबी विचारली. तिने टेप शोधून मोजून सांगितली. पाच फूट दोन इंच. मी पाच आठ.

चालेल. मी तसाही पाय दुमडूनच झोपतो.