खोली खाली करायची हाय

माजलगाव,
१० मार्च २०२५

ती. दादांना,
राजश्रीचा सविनय जय भीम. वि. वि.

हातात फोन असताना आपली लेक पत्र का लिहितेय, असं तुम्ही आईला विचाराल. माझी खोली गच्चीवर, पत्र्याची. मध्ये पत्र्याचीच भिंत, पलीकडे घरमालकांचा मुलगा आणि सून. इकडे मी शिंकले की तिकडून मंजुषावहिनी विचारतात, सर्दी झाली का. परवा फोनवर तुम्ही जय भीम म्हणालात आणि मी नुसतं हो हो करून ठेवून दिला. तुम्हाला लागलं असणार. म्हणून हे पत्र.

बाकी झकास आहे. दवाखाना जवळ, लॅबचं काम अंगवळणी पडलंय. सगळ्या घरात मिळून न्हाणी एकच, सकाळी बादल्यांची ही रांग! पण घरमालकीण चंद्रभागाबाई माझी बादली पुढे सरकवतात, कारण ड्यूटी लवकरची. आधीच्या दोन घरांत मी आडनाव सांगितलं आणि त्यांच्या भावाला एकाएकी खोली लागायला लागली, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे त्यांनी फक्त चहा किती गोड लागतो एवढंच विचारलं. मीही आपणहून काही सांगितलं नाही.

पण काल गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले, तर खाली अंगणात चंद्रभागाबाई सुनेला सांगत होत्या, पोरीची खोली पाडव्याच्या आत खाली करायची हाय, मालकाला बी सांगितलंय म्या. दादा, कुणीतरी कान भरले असणार. पुन्हा दारोदार आडनाव सांगत फिरायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. नोकरी सोडून घरी यावं असं वाटतंय.

आईला यातलं सांगू नका. लोभ आहेच, सोबत सल्लाही पाठवा.

तुमची,
राजश्री


धर्मापुरी,
१४ मार्च २०२५

चि. राजश्रीस,
दादाचा जय भीम व अ. आ.

पत्र पोस्टमनकडून आईनेच घेतलं आणि आईनेच आधी वाचलं. तेव्हा तिला न सांगण्याचा प्रश्न मिटला. रिटायर झालो तरी ती मला कंडक्टरच म्हणते. पोरीला बसवून दिलं, घंटी मारली अन् मोकळे झालात, असं दिवसभर ऐकवतेय.

माझं डोकं फिरलं होतं. सामान आणायला पिकअपवाल्याला सांगूनसुद्धा आलो. तर आई म्हणते, जी बाई पोरीची बादली पुढं सरकवती, ती मागून असं कशाला बोलंल? मला काही पटलं नाही. माणसं बादली वेगळी आणि घर वेगळं धरतात, हे मी लई पाहिलंय.

तरीपण गच्चीवरून ऐकलेल्या शब्दावर सामान बांधू नको. त्या बाईंसमोर बस, आपल्या तोंडानं आडनाव सांग आणि सरळ विचार. निघायला सांगितलं तर ताठ मानेनं निघ, मी स्टँडवर उभा असेन. नोकरी सोडायची भाषा मात्र पुन्हा केलीस तर गाठ माझ्याशी आहे.

आईची माया सोबत पाठवतो, ती माझ्यापेक्षा जास्त आहे.

तुझा,
दादा


माजलगाव,
२० मार्च २०२५

ती. दादांना, आणि हे आधी उघडून वाचणाऱ्या ती. आईला,
जय भीम. वि. वि.

पिकअपवाल्याला नको म्हणून सांगा!

चंद्रभागाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसले. आडनाव सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत हे सांगितलं आणि खोली कधी खाली करून देऊ ते विचारलं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, अगं येडे, खाली म्हंजे खाली! उन्हाळ्यात वर पत्रा तापतो, पोरगी भाजून निघंल, म्हणून धान्याची खोली मोकळी करून तुला खाली आणायची हाय. म्हणजे ज्वारीची पोती वर जाणार आणि मी खाली येणार! मराठीत मला कायम चांगले मार्क, आणि ही माझी अक्कल. मंजुषावहिनी पोट धरून हसत होत्या, मला हसता हसता रडू फुटलं.

आडनाव त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, दवाखान्यातून कळलेलं. त्यांचे मालक गहिनीनाथकाका तेव्हा कुरकुरले होते, हेही त्यांनी लपवलं नाही. दोघं पूर्वी कर्नाटकात ऊस तोडायला जायचे. एकदा भर पावसात लेकरू कडेवर घेऊन त्या एका दारात गेल्या, तर ऊसतोडे चोर असतात म्हणून त्यांना ओसरीवरसुद्धा उभं केलं नाही. ते विसरलाव का, असं त्यांनी काकांना विचारलं. काकांनी खोलीची किल्ली काढून दिली. अजून माझ्याशी बेताचंच बोलतात, पण काल माझी खाट खाली आणताना एक टोक त्यांनीच धरलं होतं.

आता माझी भिंत विटांची आहे. इथे आल्यापासून पहिल्यांदा मी गाढ झोपले. दादा, इतकं हलकं वाटतंय की काय सांगू. तुम्ही दोघं एकदा याच.

आहे तसाच लोभ ठेवा, काळजी तेवढी कमी करा.

तुमची,
राजश्री


धर्मापुरी,
२५ मार्च २०२५

चि. राजश्रीस,
जय भीम व अ. आ.

आई जिंकली. त्यामुळे घरात माझं काही चालेनासं झालंय. पण जीव भांड्यात पडला, पोरी.

एक गोष्ट तुझ्या आईलाही ठाऊक नाही, पण ती हे वाचणारच, तेव्हा आज कळू दे. मुक्कामी गाडी असली की ड्रायव्हर गावात कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकायचा. मी गाडीतच झोपायचो. गाडीत वारा चांगला लागतो, असं सगळ्यांना सांगायचो. वारा कसला, नुसते डास. कुणी नाही म्हणू नये म्हणून सगळ्या नोकरीत मी कधी कुणाला विचारलंच नाही. तू आडनाव सांगून विचारलंस.

रविवारी आम्ही दोघं येतोय. आईच्या दशम्यांची तयारी सुरू झाली आहे. सगळ्या घराला आमचा लोभ सांग. आणि चंद्रभागाबाईंना माझ्या वतीने विचार, एक रात्र मी तुमच्या ओसरीवर मुक्कामाला राहिलो तर चालेल का.

तुझा,
दादा