सातवा प्रश्न

१३ जानेवारी १९६९

अर्ज परत आला! मिशनच्या समितीनं सातव्या प्रश्नाला निळ्या पेन्सिलीनं गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय — 'पत्नीने स्वतंत्र उत्तर लिहावे.'

प्रश्न असा — 'परदेशी सेवेसाठी देवाचे पाचारण आपणांस केव्हा व कसे झाले?' यांनी त्याखाली अडीच पानं लिहिली होती. कॉलेजात असतानाचं पन्हाळ्याचं शिबिर, संध्याकाळची सभा, हार्डी साहेबांचं प्रवचन, मग हे एकटेच तटावर जाऊन बसले आणि स्पष्ट आवाज आला — 'जा.' आमच्या चर्चच्या मंडळीत ही साक्ष पाठ नाही असं माणूस नाही. मला बघायला आले तेव्हासुद्धा आधी साक्ष सांगितली, मग पोह्यांना हात लावला. आणि आता माझ्या नावापुढे काय लिहावं यांनी? 'वरीलप्रमाणे'! रेशनकार्डाच्या अर्जावर पत्ता लिहितात तसं!

मला हसू आवरेना. हे मात्र हसले नाहीत. म्हणाले, "दोन ओळी लिही ना, सलोमी. तुला कधी ऐकू आलं ते."

कधीच नाही. तीच तर पंचाईत! टांझानियाला मिशनरी म्हणून जायचं ठरलंय — हे तिथल्या शाळेत मास्तर, मी दवाखान्यात नर्स, आणि नऊ वर्षांची पद्मजा आमच्या मागे. एप्रिलात बोट. इतकी वर्षं गोरे साहेब बोटीतून आपल्याकडे यायचे, आता आपण उलटं जायचं. आमच्या मंडळीतून हे पहिलंच कुटुंब. सगळे कसे फुलून गेलेत! आणि मला देवानं अजून हाक मारलेली नाही. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून वहीत.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या झुंबरबाई दुधाबरोबर तिळगूळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "तकडं म्हशी हाईत का?" म्हटलं, माहीत नाही बाई. "आन् मग कशाला जातायसा?"

सातव्या प्रश्नापेक्षा हा सोपा होता, तरी मी तिळगूळ तोंडात टाकला आणि दूध तापवायला आत गेले.

१७ जानेवारी

म्हटलं, दुसऱ्यांना कसं झालं ते तरी विचारावं. पाळकीणबाईंना स्वप्न पडलं होतं — पांढरा झगा, हातात दिवा, सगळं व्यवस्थित. मंडळीच्या वडील मंडळातल्या एकांना टायफॉइडमध्ये. मला टायफॉइडही झालेला नाही.

शेवटी आक्कांना विचारलं. आक्का म्हणजे सासूबाई. लसूण सोलत होत्या. "मला कुठलं बोलावणं आल्तं? तुझ्या मामंजींनी बैलगाडीत बसवलं, म्हटलं चला गारगोटीला, मिशनची शाळा काढायची हाय. बसलो आन् गेलो. तीस वर्सं ऱ्हायलो की!"

आम्ही गेल्यावर आक्का गारगोटीला धाकट्या दिरांकडे राहणार. आज लसूण पाच घरांना पुरेल एवढा सोललाय.

२० जानेवारी

चार कागद फाडले.

पहिला — 'रुग्णसेवा करीत असता मला वाणी ऐकू आली.' खोटं. वॉर्डात मला फक्त घंटा ऐकू येते आणि मेट्रन. दुसरा पाळकीणबाईंच्या स्वप्नावर बेतला, पण दिव्याच्या जागी कंदील घातला. वाचून माझी मलाच शरम वाटली. तिसरा आणि चौथा सांगण्यासारखे नाहीत.

खरं लिहावं तर समिती म्हणेल, बाईला पाचारण नाही, राहू दे हे कुटुंब. एकोणीस वर्षं हे त्या एका शब्दावर जगलेत. शाळेत बढती आली तर नको म्हणाले — का, तर 'मला जायचं आहे.' घर बांधलं नाही, कारण जायचं आहे. माझ्या एका कागदानं ते सगळं पाण्यात जायचं. आणि खोटं लिहावं तर ज्याचं काम त्यालाच फसवायचं! इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

२२ जानेवारी

लिहिलं. ड्यूटीवर जाता जाता पेटीत टाकलंसुद्धा, नाहीतर धीर सुटला असता. असं लिहिलं —

'मला पाचारण झालेले नाही. मी पतीबरोबर जात आहे. मला बाळंतपणे उत्तम करता येतात. खोटे लिहिणे बरे वाटत नाही. — सौ. सलोमी चोपडे, नर्स.'

संध्याकाळी यांनी विचारलं, "जमलं?" म्हटलं, जमलं. "दाखवायचं होतंस." म्हटलं, घाईत टाकलं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चांगलंच लिहिलं असशील." मी अर्धी भाकरी पद्मजाच्या ताटात सरकवली.

२ फेब्रुवारी, रविवार

समितीचं उत्तर नाही आणि पाळकसाहेबांनी आज उपासनेत जाहीर करून टाकलं — तेवीस तारखेला चोपडे कुटुंबाला निरोप! मी मागच्या बाकावर घाम पुसतेय. बाहेर पडल्यावर बायकांनी घेरलं. तिथे काय मिळतं, काय मिळत नाही, सगळं त्यांनाच ठाऊक. सर्वांचं एकमत — चटणी मिळत नाही.

१० फेब्रुवारी

आज टांझानियाहून पत्र! यांना नाही, मला. तिथल्या दवाखान्यातली सिस्टर, नेएमा नाव. समितीनं तिला आमची नावं कळवलेली दिसतात. इंग्रजी माझ्यासारखंच, मोडकं पण कामाचं.

लिहिते — शिवायचा दोरा आणा. रबरी चादरी आणा, आमच्या फाटल्या. नाळ कापायच्या कात्र्या आणा. इथे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा येतो, बाकी मी एकटी. मग खाली — 'डोकं बाहेर आलं आणि खांदा अडला, तर तुमच्याकडे काय करतात? गेल्या महिन्यात माझ्या हातातून एक मूल गेलं. आई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.'

दुपारच्या सुटीत जेवले नाही, उत्तर लिहीत बसले. गडमुडशिंगीच्या बयाबाई सुईणीनं मला एकदा दाखवलं होतं, कुठल्या पुस्तकात नाही ते — बाईला उताणी ठेवायची नाही, चटकन हातागुडघ्यांवर ओणवी करायची, बहुतेकदा खांदा सुटतो. चित्र काढून दाखवलं. चित्रातली बाई म्हशीसारखी दिसते, पण कळेल.

शेवटी लिहिलं — 'मी येते.'

यांनी पत्र वाचलं. म्हणाले, "देवाचीच योजना." मी म्हटलं, कसली योजना, सामानाची यादी आहे ती. आणि बाजारात जाऊन दोरा घेऊन आले.

१५ फेब्रुवारी

समितीकडून त्यांच्या भाषेचं पुस्तक आलं. स्वाहिली. साखरेला सुकारी, चहाला चाय, चपातीला चपातीच! पद्मजा म्हणते, आई, मला ही भाषा येतेय. मी माझ्यापुरते कामाचे शब्द काढून घेतले. पाणी, रक्त, दुखतं का, श्वास घे. जोर दे म्हणजे सुकुमा. चुलीपाशी म्हणत असते — सुकुमा, सुकुमा. आक्का म्हणाल्या, "कुणाला हाकलतीयास?"

यांनी पुस्तक उघडलेलं नाही. म्हणतात, बोटीत वेळच वेळ आहे.

१९ फेब्रुवारी

बोटीवर चढायला देवीचा आणि कॉलऱ्याचा दाखला लागतो. पद्मजाला टोचलं, स्वतःला टोचून घेतलं. यांना म्हटलं, बाही वर करा. "आज नको, उद्या वर्ग आहे." परवाही वर्ग होता! चाळीस वर्षांचा माणूस सुईला भितो, काय म्हणावं? बायको नर्स असून ही तऱ्हा.

वाटेत यांचे हेडमास्तर भेटले. "चोपड्यांना म्हणावं राजीनामा द्या, मला माणूस शोधायला हवा." घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "विसरलोच." विसरभोळेपणाला काही सुमार!

२३ फेब्रुवारी, रविवार

निरोप झाला! मिशनचं देऊळ गच्च. टाळ-मृदंगावर भजनं. भेटी म्हणजे — कांदा-लसूण चटणीचे अकरा डबे, गुळाच्या ढेपा तीन, आणि चपला सात जोड, त्यातले दोनच आमच्या मापाचे. एवढ्या चटणीवर अख्खा टांझानिया जेवेल.

हे साक्षीला उभे राहिले. शिबिर, सभा, साहेबांचं प्रवचन — सगळं बरोबर चाललं होतं. तटावर आले आणि थांबले. ओठ हलले, पण तो शब्द येईना. सगळे वाट बघतायत. शेवटी पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हातारं म्हणालं, "'जा' म्हन की, मास्तर!" हे म्हणाले, "होय. तेच." आणि खाली बसले. लोकांचे डोळे भरून आले. यांना भरून आलं, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही.

मग पाळकसाहेब म्हणाले, सलोमीबाईंनी दोन शब्द बोलावेत. मी उभी राहिले. म्हटलं, "तिथं सिस्टर एकटी आहे. मी गेले की दोघी होऊ." बसले. कोणी रडलं नाही. झुंबरबाई तेवढ्या दारातून म्हणाल्या, "ह्ये ब्येस बोललीस."

घरी येताना वाटलं, आता समितीचा नकार आला तर हे अकरा डबे घरोघरी परत करत फिरायचं मला.

२८ फेब्रुवारी

झुंबरबाईंच्या सुनेला पहाटे वॉर्डात आणलं. पहिलटकरीण, घाबरून अंग आवळून बसलेली. मी तिचा पाय धरलाय, घाम गळतोय, आणि तोंडातून काय निघावं — "सुकुमा! सुकुमा!" बाहेरून झुंबरबाई, "आगं, काय म्हणतीया ती, तसं कर!" आणि पोरीनं दिला की जोर! मुलगी झाली, तीन किलो. सगळा वॉर्ड हसत होता, बाळंतीणसुद्धा.

घरी येऊन यांना नक्कल करून दाखवली. हे हसले, पण उशिरानं. मग म्हणाले, "तुला आवडायला लागलंय, नाही?" मी म्हटलं, काय? तोवर उठून बाहेर गेले.

आक्कांना सोडून जायचं म्हणून मन लागत नसेल. उद्या त्यांना आवडतं ते वांगं करते.

४ मार्च

पत्र नाही. रस्त्यात दहा जण विचारतात, "आजून हाय व्हय हितंच?" एकदा निरोप घेतलेल्या माणसानं गावात तोंड दाखवू नये हेच खरं. भाजीसुद्धा पलीकडच्या पेठेतून आणते.

खरं सांगायचं तर वेगळंच झालंय. आधी भीती होती की नकार आला तर यांचं काय होईल. आज पोस्टमन आमच्या दारावरून तसाच पुढे गेला, तर मी अनवाणीच कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागे गेले. यांच्यासाठी नाही, माझ्याचसाठी. मला जायचंय! इतकं जायचंय की रडू आलं. आणि ज्यांना कागदावर 'मला बोलावलेलं नाही' असं लिहून दिलं, त्यांच्याच पत्राची वाट बघत बसलेय. माझ्यासारखी मीच.

८ मार्च

मंजूर. दोघंही. बोट अठरा एप्रिलची.

पत्र घेऊन धावतच अंगणात गेले. यांनी वाचलं, घडी घातली, परत उघडलं. त्यात माझंच उत्तर उतरून घेतलं होतं, खाली 'समाधानकारक' म्हणून. म्हणाले, "तू हे लिहिलंस?" म्हटलं, हो. चुकलं असेल तर माफ करा. म्हणाले, "मला नाही जमलं." आणि मान खाली घालून बोलत राहिले — तटावर आवाज कुठला आला नव्हता. हार्डी साहेबांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, जाशील ना? एकवीस वर्षांचं पोर, नाही कसं म्हणणार? पुढे साक्ष सांगता सांगता तो देवाचा आवाज झाला. "मला जायचं नाही गं, सलोमी. कधीच नव्हतं. मला आपली ही शाळा बरी वाटते."

मला राग यायला हवा होता. नाही आला. एकोणीस वर्षं एवढं ओझं घेऊन हा माणूस एकटा फिरला, मला का नाही सांगितलं, एवढंच वाटत राहिलं. पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

मला अजूनही काही ऐकू आलेलं नाही. पण मी येते म्हणून कळवलंय. यांना तसंच सांगितलं — पद्मजा आणि मी अठराला निघतोय. तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही हे खरं, तर आता मी बोलावते. यायचं असेल तर माझ्याबरोबर चला.