नऊच्या बारा

ओटावा, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. मंदाआत्यास,
चैत्रालीचा शि. सा. न.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. कॅन्सरसाठी कापून काढलेल्या त्या आतड्याच्या चरबीत मला बारा लसिकाग्रंथी सापडल्या, असं मी तोऱ्यात कळवलं होतं. सापडल्या नऊच.

निदान बारा तपासायच्या, असा आमच्या लॅबमध्ये दंडक आहे. कॅन्सर पसरलाय का, ते त्यावरून ठरतं. कमी पडल्या तर चरबी पुन्हा चिवडायची. त्या दिवशी शुक्रवार होता, चार वाजून गेले होते. माझा सीनियर, गुरुदत्तदादा म्हणाला, मोठ्या तीन आहेत त्या मधोमध काप आणि अर्धुकं वेगवेगळ्या डब्यांत घाल. एका ग्रंथीचे तुकडे एकाच डबीत जातात, हे पहिल्या आठवड्यात त्यानेच शिकवलेलं. तरी मी घातले. भिंगाखाली डॉक्टरांना बारा दिसल्या आणि पसरलेला नाही, असा रिपोर्ट गेला.

गेल्या आठवड्यात मी म्हटलं, पुन्हा शोधू. तो हसला. म्हणाला, सगळेच करतात गं, तुला परीक्षेला बसायचंय ना? माझ्या प्रशिक्षणाच्या फॉर्मवर सही त्याची लागते. सही नाही तर सर्टिफिकेशन नाही, नोकरी नाही आणि परमिट संपलं की परत. आत्या, इतका संताप आलाय, की त्याच्या गाडीतून कनाटाला घरी येताना मी तोंड उघडत नाही, आणि तो विचारतो, हीटर वाढवू का.

बाबा म्हणाले, आधी सही घे, मग काय बोलायचं ते बोल. तू सांग.

माया आहेच, सल्लाही असू दे.
तुझी चैत्राली

नागपूर, ११ नोव्हेंबर

चि. चैत्रालीस,
अ. उ. आ.

पत्राचा फोटो पोचला. अक्षर बिघडलंय, म्हणजे राग खरा आहे. तुझ्या बापाचं मनावर घेऊ नकोस. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर आईची सही तो माझ्याकडून करून घ्यायचा.

दहा वर्षांची होईतो तू माझ्याकडे घरीच शिकलीस. गणित चुकलीस तेव्हा मी कधी ओरडले नाही. मागच्या पानावरचं उत्तर उतरवलंस तेव्हा मात्र दोन दिवस शिकवलं नाही. आताही तेच करावंसं वाटतंय. गुरुदत्तला हवं तेवढं बोल, पण सुरी कुणाच्या हातात होती? अख्ख्या पत्रात तो पसरलाय आणि जिचं आतडं, ती बाई कुठेच नाही. सुटले एकदाची, म्हणून ती आज सुखाने जेवली असेल. उरलेली चरबी कुठे आहे?

जीव तुझ्यावर आहेच, म्हणूनच रागावले.
मंदाआत्या

ओटावा, शनिवार, १५ नोव्हेंबर

ती. आत्यास, शि. सा. न.

तुझं बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं. त्या बाई एक्कावन्न वर्षांच्या आहेत. कागदावर एवढंच कळतं.

उरलेलं आतडं फॉर्मलिनच्या बादलीत आहे. रिपोर्टनंतर काही आठवडे ठेवतात, मग टाकतात. झाकणावर तारीख आहे बुधवारची, एकोणीस. काल सकाळी मी त्यावर ‘टाकू नये’ अशी चिठ्ठी लावली. दुपारी ती नव्हती. गाडीत मी गुरुदत्तदादाला सरळ सांगितलं, की डॉक्टरांकडे जाणार. त्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, एअरपोर्टवरून तुला आणलं कुणी, राहायला बेसमेंट मिळवून दिलं कुणी? हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच चीड येते. त्या उपकारांच्या बदल्यात तो एका परक्या बाईचा जीव मागतोय. सही विसर, म्हणाला. मी उतरले आणि बसने घरी आले.

डॉक्टर परिषदेला गेलेत, ते परत येईपर्यंत थांबायला हवं. कागद लिहून ठेवलाय: कोणत्या सहा डब्या, कोणत्या तीन ग्रंथी. शेवटी ‘कापल्या मी’ लिहिलं, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. कदाचित मलाच काढून टाकतील. बाबांना तू सांग, माझ्याने होणार नाही.

इथे राहिले काय, परत आले काय, माया तेवढीच असू दे.
तुझी चैत्राली

ता. क. डॉक्टर मंगळवारी येतात. मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी आठ वाजता मी त्यांच्या दाराशी असेन.