हात म्हणजे नेमका कुठला?

मंगळवार, ८ जुलै २००३, संध्याकाळ

आज निनाद पुन्हा दवाखान्यात आला, आईला घेऊन. सॉफ्टवेअर कंपनीतला मुलगा, उजव्या हाताला मुंग्या. मनगटाचा पट्टा अजून बांधलेला. चार महिने इमानदारीने बांधला त्याने, आणि दिला होता मीच. केसपेपरवर माझंच अक्षर: 'हात बधिर. कॉम्प्युटर.' हात म्हणजे कुठला? इथे कसब्यात खांद्यापासून बोटांपर्यंत सगळ्याला हातच म्हणतात. मी कॉम्प्युटर ऐकलं आणि मनगट धरून बसले.

आज पट्टा काढायला लावला. मनगट मिनिटभर वाकवून धरलं, काही नाही. मग विचारलं, "मुंग्या कुठल्या बोटाला?"

"करंगळीला, आणि तिच्या शेजारच्या."

हे मार्चमध्येच विचारायला काय झालं होतं मला? कोपराच्या आतल्या खोबणीवर बोटाने टकटक केलं, तर ओरडलाच, "अहो डॉक्टर, करंगळीपर्यंत करंट गेला!" दिवसभर टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून फोन धरतो. नस तिथेच दबतेय, शंकाच नाही. आणखी उशीर झाला असता तर पंजाचे स्नायू सुकले असते. पण ताकद शाबूत आहे. अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला दिला, मला ओढून काढता आला नाही. बरा होणार.

माझी चूक झाली, हे सरळ सांगून टाकलं. आईंनी पट्ट्याची नीट घडी केली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "असू दे. मनगट मात्र छान जपलंत हो."