डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय

२२ मे १९७९
कंबर पुन्हा धरली. यंदा आवणीला सगळ्यांच्या शेतात रोपं लावायला गेले नाही, तर माझ्या पाळीला सावडीतलं कोण येईल? मग जमीन येसाजीभावोजींच्या हाती. ते होऊ देणार नाही. हे गेले त्या वर्षीसुद्धा आवणी मीच केली.
भावोजींची बायको, माझी जाऊ विमल म्हणते, मोहोपाड्याला कॉलनीत डॉक्टर आलाय, सुई नाय, औषध नाय, नुसत्या हातानं बरं करतो. स्वतः नेणार आहे. दोन वर्षं धड बोलत नव्हती. माणूस बदलतं.

२५ मे
वाचनालयातल्या मासिकात ऑस्टिओपाथीवर, म्हणजे या हातानं हाडं-सांधे बरे करण्याच्या विद्येवर, लेख होता. दोनदा वाचला. आता सगळं ठाऊक आहे. हाडांचा कडाकड आवाज येणार, घाबरायचं नाही. विमलला समजावलं. म्हणाली, "तुमी वाचा आक्का, मी एस्टीचं बघते."

२८ मे
आवाज आलाच नाही. आधी नुसते प्रश्न. कधी पडलात का, बाळंतपणं, झोप, कुठल्या कुशीवर निजता. डाव्या म्हटलं. का? सवय. (हे त्या बाजूला निजायचे. डॉक्टरला कशाला सांगू.)
उभं केलं, वाकवलं, चालवलं. मग टेबलावर निजवून पाठीखाली हात ठेवून गप्प बसला. मला रडू आलं. टेबल फार उंच होतं, म्हणून.
सोबतीला बाई हवी म्हणून विमलला आतच बसवलं होतं. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "पण आक्कांना आवणी जमंल का हो?" डॉक्टर म्हणाला, दोनेक दिवस अंग दुखेल, ते चालायचंच. तूर्त वाकून काम नको, वजन नको. पाय बधिर झाला तर थेट इस्पितळात जा.
विमलला केवढी माझी काळजी!

३० मे
अंग ठेचल्यासारखं दुखतंय. म्हणजे लागू पडलं.
वाकायचं नाही हे पक्कं. हंडी उचलली ती बसून उचलली. बसणं म्हणजे वाकणं नव्हे.

४ जून
दुखणं वाढलं. प्रोग्रेस चांगली आहे. शेजारची गोदूबाई म्हणाली, "अगं, उद्या मेलीस तरी म्हनशील गुण आला." तिला वाचनाची आवड नाही.

११ जून
दुसरी खेप. या वेळी सोबतीला दवाखान्यातलीच बाई होती, विमल बाहेर बसली. हंडीचं डॉक्टरला हातानंच कळलं. रागावला. म्हणाला, आता तरी ऐका, महिन्याभरात हळूहळू शेतात जाल. परतताना विमलनं विचारून घेतलं, "वाकू नका म्हनला ना?" हो म्हटलं. पुढचंही सांगत होते, पण एस्टीचा आवाज फार.

२५ जून
खरोखर ऐकलं. विमल पाणी भरते. रोपांकडे भावोजी बघतात. मी आडवी पडून वाचते. पाठ हलकी झाली.

६ जुलै
सावड बुधाजीच्या शेतात सुरू झाली. गेले तर बुधाजी म्हणाला, "वैनी, घरी जा. येसाजीनं सांगितलंय, डॉक्टरनं बंदी केलीय. उगा आमच्यावर नाव यायचं." बरी आहे म्हटलं तर सगळे हसले. विमलनं चिखलातून मान वर केली नाही. तिला ऐकू गेलं नसेल.
माझ्या पाळीला येतीलच. इतकी वर्षं सगळ्यांच्या शेतात वाकले मी.

१४ जुलै
माझी पाळी. ज्याचं शेत, त्याच्या घरचं जेवण. पहाटे उठून साऱ्या सावडीच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण केलं. पाटी डोक्यावर घेऊन गेले. शेतात माणसं होती! अर्धं शेत लावूनही झालेलं. मला भरून आलं.
जवळ गेले. बांधावर विमल भाकऱ्या वाढत होती. तिच्या घरच्या.
भावोजी म्हणाले, "यंदापासनं मी बघतो, वैनी. तुमी आराम करा. भाताचा वाटा पोचवीन." सावडीतल्या गोमानं माझ्या पाटीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. विमल म्हणाली, "आक्का, उभ्या कशाला? बसा, चार घास खाऊन घ्या."
बसले. खाल्ले.
पाटी भरलेलीच डोक्यावरून परत आणली. पाठ जराही दुखली नाही.