ओट्यावरून घेतलेलं माप

सदाशिव पेठ, १३ मे २००२

चि. नीरजास अ. उ. आ.

वळवाच्या पुराची गावोगावची कार्डं येऊ लागली. निवृत्तीपासून मी जिल्ह्यातल्या पुरांची ही वही ठेवतो हे तुला ठाऊक आहे, आणि फोनवरची माहिती वहीत चालत नाही हेही. सासवडहून दिगंबर मास्तर कळवतात की पाणी दोन फूट, एक म्हैस वाहून गेली. ती पुढच्या गावी सापडली, पण परत यायला तयार नाही.

यंदा जिल्हा कचेरीने माझी यादी मागितली आहे. दोन फुटांच्या वर पाणी चढलेल्या गल्ल्यांना ओढ्याकाठची भिंत आधी मिळेल. तुझा भाचा आमोद २५ तारखेला हिंजवडीहून आला की यादी कॉम्प्युटरवर चढवेल. तुझ्या गल्लीचा आकडा कळव. दोन फुटांवर असेल तर सामान बांध, वरची खोली झाडून ठेवली आहे.

लोभ आहे तेवढा पुरे.
दादा

बिबवेवाडी, १६ मे

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

बहीण बुडाली का, हे विचारण्याआधी म्हशीची खबर दिलीस, बरं वाटलं. पाणी सव्वा फूट. माझं काही गेलं नाही. मागच्या तुळजाबाईंचं शिलाई मशीन तेवढं बुडालं, बिचारीचं पोट त्यावर आहे. खोलीला कुलूप लाव, धूळ बसेल.

लोभ असावा, पण मापात.
नीरजा

सदाशिव पेठ, १८ मे

चि. नीरजास अ. उ. आ.

शिलाई मशीनचं टेबल अडीच फुटांचं असतं. सव्वा फूट पाणी त्यावर शिडी लावून चढलं काय? खुलासा करावा.

दादा

बिबवेवाडी, २० मे

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

माप खोटं नाही. माझ्या दारापुढच्या ओट्यावरून घेतलं. ओटा दोन फुटांचा आहे, तुळजाबाईंची खोली मात्र रस्त्याच्या पातळीला. रस्त्यावरून मोजायचं हा तुझा नियम मला पाठ आहे, म्हणूनच ओट्यावरून मोजलं. खरा आकडा कळवला असता तर तू टेम्पो घेऊन आला असतास. मला हे घर सोडवत नाही. पण काल तुळजाबाई मशीनचे भाग उन्हात वाळवत बसल्या होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. माझ्या हट्टापायी त्यांची भिंत जायला नको. सव्वातीन फूट लिही. मग हवं तर टेम्पो पाठव.

रागावलास तरी लोभ ठेव.
नीरजा

सदाशिव पेठ, २३ मे

चि. नीरजास अ. उ. आ.

सव्वातीन लिहिलं. अकरा वर्षांत वहीतली ही पहिली खाडाखोड. तुझी गल्ली आता यादीत तिसरी आहे.

टेम्पो येणार नाही. रविवारी मी येतो, ते तुळजाबाईंच्या मशीनखाली उंच चौथरा बांधायला गवंडी घेऊन. जेवायला असेन.

एक खुलासा माझाही. वरच्या खोलीत तुझ्यासाठी पलंग टाकला तो तुझी वहिनी गेली त्या महिन्यात. त्या वर्षी कुठेही पूर आला नव्हता. घर फार मोठं वाटतं. ही नोंद वहीत केलेली नाही.

दादा